थोरल्याचे केस

माझा सगळा जन्म रंगात गेला. बोईसरच्या एमआयडीसीत कापड रंगवणाऱ्या एका कंपनीत मी डाईंग मास्टर होतो. व्यापाऱ्यानं बोटभर तुकडा पाठवायचा आणि मी त्याच शेडमध्ये गाडीभर कापड रंगवून द्यायचं, हे माझं काम. त्यातही काळ्या रंगात माझा हातखंडा होता. बाहेरच्या माणसाला काळा म्हणजे काळा वाटतो, पण त्यात निळसर काळा असतो, लालसर असतो, हिरवट असतो, आणि तो नक्की कुठला हे उजेडात धरल्याशिवाय कळत नाही. असा मी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी बाथरूममध्ये स्टुलावर बसून बायकोकडून डोकं काळं करून घेत होतो. तोंड काळं करणारे पुष्कळ बघितले होते. मी जरा वरून सुरुवात केली, एवढंच.

शेड चुकली होती. आरशात बघितल्याबरोबर ते माझ्या लक्षात आलं. माणसाच्या केसांचा काळा कधी एकसारखा नसतो, कानाजवळ फिका, टाळूवर गडद, कुठं उन्हानं तांबूस झालेला असा असतो. माझ्या डोक्यावर मात्र छत्रीच्या कापडाचा काळा बसला होता, सगळा एकाच लॉटमधला. कंपनीत असतो तर मी तो माल परत पाठवला असता. बायको आधी हसत सुटली, दाराला टेकून हसली, आणि मग पदरानं डोळे पुसत म्हणाली की काही म्हणा, दहा वर्षांनी लहान दिसताय. मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची लगेच लाजही वाटली.

ही वेळ आली ती कंपनी गुजरातेत हलली म्हणून. पंचेचाळिशीच्या आतल्यांना मालक म्हणाले, चला आमच्याबरोबर. आम्हा बाकीच्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि आता आराम करा असा आशीर्वाद मिळाला. मी काही आरामासाठी अर्ज केला नव्हता. पण गळ्यात हार पडला की माणसाला बोलता येत नाही. त्या दिवसाच्या फोटोत मी छान हसतोय. तो फोटो समोर आला की त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

आठवडाभरात दुसरी नोकरी लागेल अशी माझी खात्री होती. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं बोईसरमधल्या किती तरी कंपन्यांत मास्टर झाली होती. त्यांना फोन केले. सगळ्यांनी आदरानं बोलून घेतलं, तब्येत विचारली, कळवतो म्हणाले. कळवलं कुणीच नाही. त्यांचंही खरं होतं. ज्याच्या शिव्या खाऊन शिकलो त्याला हाताखाली कोण घेईल? मग मी परक्या दारांत जायला लागलो. पालघरला गेलो, इकडं बेटेगावच्या बाजूला गेलो, तारापूरच्या रस्त्यावरच्या कंपन्या पालथ्या घातल्या. गेटवरचा वॉचमन 'काका' म्हणायचा, तिथंच अर्धा निकाल लागायचा. आत एखादी मुलगी, माझ्या सफाळ्याला दिलेल्या मुलीच्या वयाची, माझा बायोडेटा चाळायची आणि गोड आवाजात सांगायची की सर, तुमचा अनुभव आमच्यासाठी खूप जास्त आहे. आणखी एकानं सांगितलं की आमची टीम यंग आहे, तुम्हालाच करमणार नाही. माझ्या करमणुकीची एवढी काळजी तोवर कुणी केली नव्हती.

त्यातला एक दिवस मी कुणाला सांगितलेला नाही, बायकोलाही नाही. एका मोठ्या कंपनीत बरीच माणसं एकदम घ्यायची होती. सकाळी बाहेरच्या हॉलमध्ये गर्दी होती, सगळी तिशीच्या आतली पोरं, हातात फाइल, पायात नवे बूट. मी इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्यात बसलो. थोड्या वेळानं तिथला एक माणूस आला, त्यानं माझ्याकडं बघितलं आणि फार सभ्यपणे म्हणाला, "काका, पालकांनी बाहेर झाडाखाली बसा. मुलगा आत आलाय ना?"

मी उमेदवार आहे, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. पण पोरं माझ्याकडं बघत होती, आणि त्यांच्या बघण्यात टिंगल नव्हती, त्यांनाही ते अगदी साहजिक वाटलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "हो, येतोय तो. मागून येतोय." मग मी खरोखर बाहेर जाऊन झाडाखाली बसलो. शेजारी एक खरा बाप बसला होता, डहाणूकडचा. त्यानं विचारलं, तुमच्या मुलाचं शिक्षण काय? मी म्हटलं, टेक्स्टाइल केमिस्ट्री. तो म्हणाला, मग लागेल हो, काळजी करू नका. नसलेल्या मुलाची बढाई मारून मी उठलो आणि रिक्षा न करता चालत घरी आलो, कारण रिक्षात कुणी ओळखीचं भेटलं असतं तर मला बोलता आलं नसतं.

घरीही काही बरं नव्हतं. बायकोनं औषधांच्या पॅकिंगमध्ये काम धरलं होतं. सकाळी कंपनीची बस तिला घेऊन जायची आणि मी मागं भांडी आवरून कपडे धुवायचो. त्यात कमीपणा नाही हे मला कळतं. तरी कपडे वाळत घालायला मी गॅलरीत जात नसे. घरात दोरी बांधली होती, पंख्याखाली. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी मला दुपारी घरात बघू नये, एवढ्यासाठी आमच्या कपड्यांना वर्षभर कुबट वास येत होता.

डोकं रंगवण्याचा सल्ला एका लेबर कॉन्ट्रॅक्टरचा. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर तो रोज बसायचा आणि कंपन्यांना माणसं पुरवायचा. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि बशीतला चहा संपवून म्हणाला, मास्टर, तुमचं काम चोख आहे, तोंड जुनं आहे. एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्याच कारखान्यात, मास्टर हवा होता. तिथं शेठचा मुलगा नुकताच गादीवर बसला होता आणि त्याला बापाच्या वेळची म्हातारी माणसं नको होती. माझ्या कागदांवर खरं वय आहे, ते कसं लपणार, असं मी विचारलं. कॉन्ट्रॅक्टर हसला. त्याचं म्हणणं असं की कागद बघणारा वेगळा आणि माणूस बघणारा वेगळा. कागद अकाउंटवाल्याकडं जातात, तो नुसते नंबर उतरवून घेतो. शेठचा मुलगा तोंड बघतो. म्हणजे मी खोटं वय कुठं लिहिलं नाही. लिहायची गरजच पडली नाही.

शेठचा मुलगा पस्तिशीच्या आसपासचा, हिंदी बोलणारा, हुशार. त्यानं मला लॅबमध्ये नेऊन एक शेड जुळवायला दिली. ती जुळली. मग म्हणाला, "मास्टरजी, चालीस-बयालीस के होंगे?" मी नुसता हसलो. त्या हसण्यात हो नव्हतं, नाही नव्हतं, आणि नोकरी मिळाली. तीन महिने काम बघू, जमलं तर पक्के, असं ठरलं.

त्या तीन महिन्यांवर माझा जीव टांगला होता. पहिल्या दिवशी मशीन हॉलमधली ती ओली वाफ तोंडावर आली तेव्हा मला रडू फुटलं, खरंच सांगतो, आणि मी ते घामात खपवलं. मशीनवरची बिहारची पोरं 'मास्टरजी, मास्टरजी' करत मागं यायला लागली. गॅलरीत कपडे वाळायला लागले. दर रविवारी बायको मला स्टुलावर बसवायची, केसांना आणि मिशीला काळा लावायची. शेडही आता मी सुधारली होती. दोन पुड्या मिसळून जरा तांबूसपणा आणला होता. माझ्याच डोक्यावर लॅब चालू होती म्हणा ना. हे असंच निभेल असं वाटायला लागलं.

तारापूरच्या बाजूला समुद्रकाठी आमचं मूळ घर आहे. बाबा तिथं धाकट्या भावाकडं राहायचे. भाऊ माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण होडीवर जन्म गेलेला माणूस, उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं रापलेला. शिकून कंपनीत लागलो तो मी, आणि होडी सांभाळली ती त्यानं. मी काळं डोकं घेऊन पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा बाबांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. त्यांनी केसांचं नावही काढलं नाही. फक्त म्हणाले, "बरा हायस ना?" मी म्हटलं, बरा आहे. ते त्यांनी मानलेलं दिसलं नाही.

नोकरीला दोन महिने होत आले आणि बाबा गेले. आजारपण असं काही नव्हतं. सकाळी अंगणात उन्हाला बसले होते, तिथंच मान कलली. मी थोरला, अग्नी मी दिला. शेठच्या मुलाला फोन केला तेव्हा तो हळहळला, आणि तेरावं झालं की दुसऱ्या दिवशी हजर राहा, माल अडकलाय, असंही म्हणाला. माझ्या तोंडून निघालं, हो सर, येतो. बाबांना पोचवून अजून अंगावरचे ओले कपडे बदलले नव्हते.

आमच्याकडं दहाव्याला मुलगे डोक्यावरचे केस काढतात. मिशीही ठेवत नाहीत. ज्यानं अग्नी दिला त्यानं तर काढायचंच, त्यात विचारायचं काय? मी लहानपणापासून बघत आलोय. आजोबांच्या वेळी बाबा आणि सगळे काका एका रांगेत बसलेले मला आठवतात, आणि त्यांच्यातले बाबा कुठले हे मला ओळखू येत नव्हतं म्हणून मी रडलो होतो. पण ते दहावं आपल्या नोकरीच्या आड येईल हे मला बाबा गेले त्या दिवशी सुचलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुचलं, आणि एकदा सुचल्यावर दुसरं काही सुचेना. सुतकात रंग लावता येत नव्हता. केसांच्या मुळाशी पांढरी रेघ दिसायला लागली होती. थंडी आहे म्हणून मी घरातही माकडटोपी घालून बसायचो. येणारी माणसं बाबांच्या आठवणी काढायची, मी मान हलवायचो, आणि डोक्यात हिशोब एकच: डोकं काढलं की तुळतुळीत टाळूखाली हा सुरकुतलेला चेहरा उघडा पडणार. मग उगवणार ते पांढरंच उगवणार. बोटभर वाढेपर्यंत रंग धरणार नाही. आणि महिनाभरात शेठचा मुलगा ठरवणार की हा माणूस पक्का करायचा की नाही. बाबांसाठी मला त्या दिवसांत नीट रडताही आलं नाही. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खाते.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी भाऊ किनाऱ्यावर होडीच्या सावलीला बसला होता. सुतकामुळं होडी वर ओढून ठेवलेली. बाजूला शेजाऱ्यांचे बोंबील बांबूंवर वाळत होते. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि आधी हवेचं बोललो, मग मासळीच्या भावाचं बोललो. त्याला कळलं असावं की दादा काहीतरी गिळतोय. शेवटी मी म्हटलं की उद्याचं मला जरा अवघड आहे, कंपनीत चालणार नाही.

"चालनार नाय म्हंजे?" त्यानं विचारलं. "बापूस मेल्यावर केस काडले तर कामावर घेत नाय?"

मग मला सगळं सांगावं लागलं. ते मला बेचाळीसचा समजतात हेही सांगितलं. मला वाटलं तो हसेल. आमच्यात चेष्टा चालते. तो हसला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं माझ्या टोपीकडं बघितलं, मग समुद्राकडं बघितलं, आणि म्हणाला, "मंग मी काडतो, दादा. बापूस दोगांचा हाय. एकानं काडले तरी पोचतात."

मी त्याला नको म्हणायला हवं होतं. एकदा तरी, तोंडदेखलं तरी. मी म्हटलं, बघ हं, तुला चालत असेल तर. जसा काही मी त्याच्यावर उपकार करत होतो.

बायकोला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं नाही. तुम्ही ठरवलं असेल तर ठरवलं, एवढंच म्हणाली.

दहाव्याचा विधी खाडीच्या काठी झाला. गुरुजींनी काही कटकट केली नाही, उलट सोपं करून दिलं. हल्ली नोकरीवाले बटच देतात, चालतं, देवाला सगळं कळतं, असं ते मोबाइल खिशात ठेवत म्हणाले. मला वाटतं त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी कदाचित बसलो असतो न्हाव्यापुढं. निदान आज मला तसं म्हणावंसं वाटतं. भाऊ बसला. चुलतभाऊ बसले, पुतण्या बसला. न्हाव्यानं माझी टोपी काढून कानामागची एक बट कापली आणि वाळूवर टाकली. टोकाला काळी, मुळाशी पांढरी. बाजूला भावाचे केस पडले होते, अर्धेअधिक पिकलेले, कसलाही रंग नसलेले. मी पायानं माझ्या बटेवर वाळू ओढली.

पिंडाला कावळा शिवला. माणसं हळूहळू घराकडं परतली. माझी आत्या, बाबांची मोठी बहीण, ओसरीवर बसवली होती. तिला आता दिसत नाही. बाबा गेल्यापासून ती बोलतही नव्हती फारशी. आम्ही सगळे तिच्या पाया पडायला एकामागून एक वाकलो, आणि ती प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवत होती. काढलेल्या डोक्यावर तिचा तळवा फिरायचा आणि ती पुटपुटायची, माजा बाला, माजा बाला. भावाच्या डोक्यावरून फिरवला तेव्हा तिनं त्याला जवळ ओढलं. मग मी वाकलो. तिचा हात माझ्या केसांवर आला आणि थांबला. बोटांनी तिनं केस जरा चाचपले.

"ह्यो कोन?" तिनं विचारलं. "जावय काय?"

माझ्या मुलीचा नवरा मागंच उभा होता, त्यानं खाली बघितलं. भाऊ म्हणाला, "आत्ये, दादा हाय." आत्यानं हात काढून घेतला नाही. पण 'माजा बाला' असंही म्हणाली नाही. ती विचार करत असल्यासारखी तशीच बसली, आणि मागचे लोक खोळंबले होते म्हणून मी बाजूला झालो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोईसरला मी स्टूल बाथरूममध्ये नेलं आणि बायकोला हाक मारली. ती आली नाही. बस येईल माझी, म्हणाली. बसला पुष्कळ वेळ होता. मी आरशात बघून स्वतःच ब्रश फिरवला, मागच्या बाजूला हात पोचेना तिथं अंदाजानं लावला. त्यानंतर तिनं माझ्या केसांना हात लावलेला नाही. आम्ही त्यावर कधी बोललोही नाही. बाकी डबा, चहा, सगळं पहिल्यासारखं आहे.

कंपनीत गेलो तर शेठच्या मुलानं हात जोडून विचारपूस केली. मग त्याची नजर माझ्या डोक्यावर गेली. त्यांच्याकडं हे सगळं फार कडक असतं. त्यानं सहज विचारलं, "मास्टरजी, आपके में मुंडन नहीं होता?"

होत नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मशीनवरचं एक पालघरचं पोरगं बाजूलाच होतं, आमच्याच बाजूचं, त्याला सगळं माहीत असणार. मी म्हटलं, "होता है सर. हमारे में बड़ा भाई करता है."

"अच्छा, तो आप छोटे हैं," तो म्हणाला. मी मशीनच्या काचेतून आत बघायला लागलो, जसं काही कापड अडकलंय. कापड व्यवस्थित फिरत होतं. जन्मल्यापासून मी थोरला होतो. भाऊ झाला तेव्हा बाबांनी मला खांद्यावर घेऊन गावभर सांगितलं होतं की आता हा दादा झाला. ते पद मी एका वाक्यात देऊन टाकलं, आणि तेही न मागता.

काम मात्र उत्तम चाललं होतं. पंधरा दिवसांत मी अडकलेला माल सोडवला. एका व्यापाऱ्याचा काळा, जो आधीच्या मास्टरला जुळत नव्हता, तो मी पहिल्या झटक्यात काढून दिला. तीन महिने भरले त्या आठवड्यात दुपारी शेठचा मुलगा मला गेटपर्यंत घेऊन निघाला. बाहेर टेम्पोत माल भरत होते, तो दाखवायचा होता. चालता चालता खांद्यावर हात टाकून म्हणाला की एक तारखेपासून तुम्ही पक्के. मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायला शब्द नाहीत असं म्हणणार नाही. मला हायसं वाटलं.

आणि गेटबाहेर माझा भाऊ उभा होता.

होडीच्या इंजिनाचा दांडा वाकला म्हणून तो एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडं आला होता. दांडा सरळ होईस्तोवर वेळ होता, म्हणून विचारत विचारत माझी कंपनी शोधून काढली होती. हातात केळीच्या पानात गुंडाळलेली मासळी, पिशवीतून पाणी ठिबकत होतं. डोक्यावर केसांचे खुंट उगवले होते, बहुतेक पांढरेच. मिशीही पांढरी फुटली होती. उन्हात उभा राहून त्याचे डोळे बारीक झाले होते. मला बघून त्याचा चेहरा खुलला आणि त्यानं तोंड उघडलं. तो मला हाक मारणार होता. आयुष्यभर ज्या एका शब्दानं मारत आला त्याच शब्दानं मारणार होता.

त्याच्या आधी शेठचा मुलगा बोलला. त्यानं ते डोकं बघितलं, आमच्या नाकातला सारखेपणा बघितला असेल, आणि पुढं होऊन नमस्कार केला. "आप मास्टरजी के बड़े भाई हैं न? इन्होंने बताया था, आपने मुंडन किया है."

भावानं माझ्याकडं बघितलं. एवढासा वेळ असेल तो. माझ्या हातात होतं सगळं. मी हसून म्हणू शकलो असतो की नाही सर, मोठा मी आहे. चोपन्नचा आहे मी, आणि काळा तुमचा मीच काढून दिला. त्याऐवजी मी भावाकडं बघितलं, आणि मला माहीत आहे माझ्या डोळ्यांत काय होतं. विनवणी होती.

"हां साब," भाऊ म्हणाला. "बडा मैंच हाय. ये छोटा. संभालके लेव."

शेठचा मुलगा खूश होऊन हसला. चिंता करू नका, तुमच्या भावाला आजच पक्कं केलंय, असं त्यानं सांगितलं आणि टेम्पोकडं गेला. भावानं मासळीची पिशवी माझ्या हातात दिली. तो वैनीला सांग वगैरे काही म्हणाला नाही. माझ्यापेक्षा उंचीनं तो कमी आहे. त्यानं जरा टाचा उंचावून माझ्या डोक्यावर हात ठेवला, जसा लहानांच्या ठेवतात, सगळ्यांना दिसेल असा. मग म्हणाला, "येतो रे. जेव येलेवर."

तो लेथवाल्याच्या दिशेनं वळला. मी गेटशी उभा राहून वाट बघत होतो की कोपऱ्यावर गेल्यावर, आता ऐकायला कुणी नाही तर, तो मागं वळून दादा म्हणेल. तो वळला नाही.